सब-ऑसिलेटर नि क्लॉक डिव्हायडर घरी बनवताय? या चुका टाळा

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये क्लॉक डिव्हायडर म्हणजे ठोक्यांना २, ४ असं भागणारं सर्किट, आणि तेच स्वराला लावलं की खालचा स्वर देणारा सब-ऑसिलेटर. सर्किट बघितलं तर काहीच नाही त्यात, एक ४०२४ आयसी (ठोके मोजणारा काउंटर), मूठभर रेझिस्टर, जॅक, झालं. तरी पहिला डिव्हायडर बऱ्याच जणांचा चालत नाही, माझाही नव्हता चालला, आणि आपण लगेच लॅमिंग्टन रोडवाल्याने डुप्लिकेट आयसी दिला म्हणून मोकळे होतो. आयसी बिचारा ठीक असतो हो, गडबड असते आपण त्याच्या पोटात काय घालतोय त्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एलएफओचा (संथ ऑसिलेटरचा) साइन किंवा ट्रँगल वेव्ह थेट क्लॉक पिनला. सिग्नल संथ चढतो-उतरतो, मधल्या व्होल्टेजला थोडी जरी खरखर असली की आयसी एका ठोक्याचे तीन-चार मोजतो, मग भागिले ४ कधी ४ तर कधी दीड. शिवाय सिग्नल उणे ५ व्होल्टपर्यंत जातो, ते ४०२४ सारख्या सीमॉस आयसीला अजिबात झेपत नाही. म्हणून आधी १०० के (किलो-ओहम) रेझिस्टर, मग बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसपासून ग्राउंडला उलटा १एन४१४८ डायोड, कलेक्टरला १० के वरून प्लस १२ व्होल्ट, आणि पुढे ४०१०६ चा श्मिट ट्रिगर (संथ सिग्नल खटकन वर-खाली करणारा, उलटवणारा गेट). (बीसी५४७ च्या जागी २एन३९०४ लावणार असाल तर पाय उलटे आहेत, बघून लावा.)

आता इथेच दुसरा घोळ. ४०२४ मोजतो तो क्लॉक खाली पडताना. ट्रान्झिस्टर सिग्नल एकदा उलटवतो, ४०१०६ चा एकच गेट वापरला तर परत सरळ होतं आणि तुमचा डिव्हायडर प्रत्येक पल्सच्या शेवटी हलतो, किक ड्रम कायम उशिरा. दोन गेट वापरा. तरीही रीसेटनंतर भागिले ४ चा आउटपुट वर चढतो दुसऱ्या ठोक्याला, कारण सगळे आउटपुट एकत्र खाली पडतात, एकत्र चढत नाहीत. एकत्र चढायला हवे असतील तर उरलेल्या चार गेटमधून उलटवून घ्या.

रीसेट, म्हणजे ४०२४ ची पिन २, मोकळी सोडू नका, १०० के ने ग्राउंडला. माझा मॉड्यूल हात जवळ नेला की नाचायचा, मला वाटलं थेरमिन (हात न लावता वाजणारं वाद्य) झाला! ४०२४ ऐवजी ४०१३ (दोन फ्लिप-फ्लॉपचा आयसी) वापरत असाल तर ४, ६, ८, १० या सेट-रीसेट पिना ग्राउंडला.

सब-ऑसिलेटरला ० ते १२ व्होल्टचा स्क्वेअर तसाच मिक्सरला देऊ नका, डीसी जातो. १ मायक्रोफॅरड कपॅसिटर सिरीजमध्ये, १०० के ग्राउंडला, आणि रेझिस्टरने लेव्हल ±५ व्होल्टच्या आसपास. भागिले २ म्हणजे एक ऑक्टेव्ह (सप्तक) खाली, ४४० हर्ट्झचा २२०. भागिले ३ घेतला तर ऑक्टेव्ह नाही, ऑक्टेव्ह अधिक पंचमाइतका खाली जातो, मग बेसूर म्हणून सोल्डरिंग तपासत बसू नका.

एलईडी थेट आउटपुटवर १ के ने लावला की व्होल्टेज बसतं, पुढचा मॉड्यूल ट्रिगरच होत नाही. ट्रान्झिस्टरने चालवा.

सप्लाय प्लस १२ आणि ग्राउंड एवढाच, व्हीएसएस (आयसीची ग्राउंड पिन) चुकून उणे १२ ला गेला तर २४ व्होल्ट, आयसीला रामराम. पॉवरच्या रिबन केबलची लाल पट्टी उणे १२ कडे. आणि अर्धवट चालतोय, एलईडी मिणमिणतोय असं दिसलं तर आधी पिन १४ वर, म्हणजे सप्लायच्या पिनवर, मीटर लावा. माझी ती सोल्डर करायचीच राहिली होती, आयसी क्लॉकच्या पिनमधून वीज चोरून दोन दिवस चालत होता.