मशीनवरच्या मोबाइलपर्यंत ड्रॉइंग, तेही इंटरनेटशिवाय

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडमध्ये ड्रॉइंग मशीनपर्यंत पोचतं ते पेनड्राइव्हने, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपने. पेनड्राइव्ह येताना व्हायरस घेऊन येतो. ग्रुपवर ड्रॉइंगची जुनी आणि नवी रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्ती, शेजारी शेजारी पडलेली असते आणि ऑपरेटर हाताला लागेल ती उघडतो. त्यापेक्षा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर शेडमधल्या वाय-फायवर खुलं करून द्या. खर्च काही नाही.

त्यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कॉम्प्युटरवर लागते, ती फुकट मिळते. विंडोजवर इन्स्टॉल करताना पाथमध्ये (PATH) पायथन जोडण्याचा चौकोन दिसला, तर त्यावर टिक कराच. नाहीतर पुढची कमांड ओळखलीच जात नाही.

आता नवीन फोल्डर करा आणि त्यात फक्त चालू जॉबची ड्रॉइंग ठेवा. अख्खा डेस्कटॉप खुला करू नका, कारण आतली उपफोल्डरंही सगळ्यांना दिसतात. फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजी लहान अक्षरांत लिहा: पायथन, जागा, डॅश एम, जागा, एचटीटीपी डॉट सर्व्हर, जागा, ८०००. डॅश आणि एमच्या मध्ये जागा नको. विंडोजच्या फायरवॉलने, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या राखणदाराने, विचारलं तर प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी द्या, पब्लिकला नको.

खिडकीत एक पत्ता छापून येतो, पण तो मोबाइलवर चालत नाही. दुसरी काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग लिहा आणि आयपीव्ही४ समोरचा आकडा घ्या; तो या कॉम्प्युटरचा वाय-फायवरचा पत्ता. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. त्याच वाय-फायवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेषा, हा आकडा, कोलन आणि ८००० टाका. फाइलींची यादी दिसेल, आणि इकडे काळ्या खिडकीत कुठल्या मोबाइलने काय मागितलं त्याची ओळ उमटेल. ओळ उमटलीच नाही, तर मोबाइल तुमच्यापर्यंत पोचलेला नाही: वाय-फाय वेगळं आहे, फायरवॉल आडवी येते आहे, किंवा मोबाइल राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर आहे.

खरी गोची वेगळीच असते. मोबाइल पीडीएफ डाउनलोड करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेटर डाउनलोडमधली कालचीच उघडतो. म्हणून रिव्हिजन फाइलच्या नावातच हवी, "फ्लँज-आर३" अशी, आणि जुनी आर२ची फाइल फोल्डरमधून त्याच क्षणी काढून टाकायची. एवढी शिस्त नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचाच गोंधळ इथेही होणार.

राउटर बंद-चालू झाल्यावर कॉम्प्युटरचा तो आयपीव्ही४ आकडा बदलू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी तो राखून ठेवा आणि पत्ता कागदावर लिहून मशीनजवळ चिकटवा.

या सर्व्हरला पासवर्ड नाही. वाय-फायवर जो आहे त्याला सगळं दिसतं; पार्टीची ड्रॉइंग गोपनीय असतात, त्यामुळे आलेल्या-गेलेल्याला या वाय-फायचा पासवर्ड देऊ नका. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून आत यायची वाट उघडून, हे इंटरनेटवर तर अजिबात आणू नका, पायथनवालेच तसा इशारा देतात. शिफ्ट संपली की काळ्या खिडकीत कंट्रोल आणि सी दाबा, सर्व्हर बंद होतो.