अपरिचित नावाचं मूळ आणि अर्थ कसा शोधावा

एखादं कधी न ऐकलेलं नाव कानावर पडलं की आपण लगेच त्याचा अर्थ शोधायला लागतो, आणि इंटरनेटवर तो क्षणात मिळतोही. ‘आरव’ म्हणजे शांत, ‘व्हेनेसा’ म्हणजे फुलपाखरू. दोन्ही चुकीचे. संस्कृतात ‘आरव’ म्हणजे आवाज, गलका. ‘कलरव’मधला ‘रव’ आठवला तरी पुरे. पण ‘शांत’ हा अर्थ एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत राहतो आणि त्याच भरवशावर बाळांची नावं ठेवली जातात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की अर्थाला सगळ्यात शेवटी हात घाला. नाव कुठल्या भाषेतलं, त्या लोकांत नाव ठेवायची रीत काय, ते पहिल्यांदा कधी आढळतं, हे आधी पाहा.

नाव नीट लिहून घ्या

शक्य असेल तर मूळ लिपीत. लिपी बदलली की नावातला बराच मजकूर गळून जातो. अरबीत ‘अलिफ’ या अक्षराने सुरू होणारं ‘अमीर’ म्हणजे सरदार, सत्ताधीश. ‘ऐन’ या अक्षराने सुरू होणारं ‘आमिर’ म्हणजे भरभराटलेला, नांदता. रोमन लिपीत दोन्ही बऱ्याचदा एकाच स्पेलिंगने लिहिली जातात. जपानीत तर नुसत्या उच्चारावरून अर्थ सांगताच येत नाही. ‘हारुका’ हे मुलीचं नाव ‘दूर’ अशा अर्थाच्या एका चिन्हाने लिहितात, तसंच ‘वसंत’ आणि ‘सुगंध’ अशी दोन चिन्हं जोडूनही लिहितात, आणि याखेरीज आणखीही कितीतरी पर्याय आहेत. आईवडिलांनी कुठली चिन्हं निवडली हे कळेपर्यंत त्या नावाचा अर्थ सांगणाऱ्या यादीवर विसंबू नका. चिन्हं दिसली तरी उच्चार एकच असेल असंही नाही. जपानच्या कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चार नोंदवण्याची कायदेशीर तरतूद लागू झाली ती थेट २६ मे २०२५ रोजी.

नाव ठेवायची रीत ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक समाज नावातून वेगळंच काही सांगत असतो, आणि ते काय हे माहीत नसेल तर शब्दकोश हातात असूनही उपयोग होत नाही.

घानातल्या अकान लोकांत मुलाला जन्मवाराचं नाव मिळतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं पूर्ण नाव कोफी अत्ता अन्नान. ‘कोफी’ म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा, ‘अत्ता’ म्हणजे जुळ्यांपैकी एक. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा. कॅलेंडर काढून पाहिलं तर तो खरोखरच शुक्रवार निघतो. त्यांच्या जुळ्या बहिणीचं नाव होतं एफुआ, म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी. मधलं नाव गाळून शोध घेतला असता तर जुळ्यांचा धागा हाती लागलाच नसता, म्हणून नाव नेहमी पूर्ण घ्यावं. बालीत वाराऐवजी जन्माचा क्रम पाहतात: वायान, माडे, न्योमान, केतुत, आणि पाचवं मूल झालं तर पुन्हा वायान.

जुन्या इंग्लंडमध्ये दोन शब्द जोडून नाव करत, आणि ती जोडणी अर्थपूर्ण असायलाच हवी असं नव्हतं. १०९५ साली वारलेले वुस्टरचे बिशप वुल्फ्स्टन यांच्या नावाची फोड ‘लांडगा’ अधिक ‘दगड’ अशी होते. यातून ‘लांडग्यासारखा कणखर’ असा काहीतरी अर्थ काढायचा मोह होतो. पण त्यांच्या आईचं नाव वुल्फगिफू आणि वडिलांचं एथेल्स्टन. आईच्या नावाचं पहिलं पद आणि वडिलांच्या नावाचं शेवटचं पद घेऊन मुलाचं नाव झालं. या नावाचा खरा अर्थ ‘या दोघांचा मुलगा’ असा आहे, आणि मला तो कुठल्याही लांडग्यापेक्षा सुंदर वाटतो.

मुलाला जपण्यासाठी ठेवलेली नावं हा तर एक स्वतंत्र प्रांत आहे. सर्बियन भाषेला आधुनिक रूप देणारे वुक काराजिच १७८७ साली जन्मले. त्यांच्या आधीची भावंडं दगावली होती. चेटकिणी लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, अशी समजूत होती, म्हणून घरच्यांनी मुलाचं नाव ‘वुक’, म्हणजे लांडगा, ठेवलं. मंगोलियात ‘नेरगुई’ म्हणजे ‘नाव नसलेला’ आणि ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’. दुष्ट शक्तींची दिशाभूल व्हावी म्हणून ही नावं. तुर्कीत ‘दुरसुन’ म्हणजे ‘राहू दे’, ‘याशार’ म्हणजे ‘जगतो’. अपशकुनी किंवा विचित्र वाटणारं नाव दिसलं की ही शक्यता आधी तपासून पाहा. त्यामागे बहुधा मूल गमावलेल्या आईबापांची धास्ती असते.

स्पॅनिश ‘डोलोरेस’चा शब्दार्थ ‘दुःखं’ असा आहे. पण कुणी मुलीला दुःख बहाल करत नाही. येशूची आई मरिया हिच्या ‘दुःखांची माता’ या बिरुदावरून ते नाव आलं आहे.

पहिला उल्लेख शोधा

नाव प्राचीन वाटतं म्हणून ते प्राचीन असतंच असं नाही. ‘व्हेनेसा’ हे नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकाने आपल्या मैत्रिणीसाठी घडवलं. तिच्या आडनावातलं ‘व्हॅन’ घेतलं आणि एस्थर या नावाच्या लाडक्या रूपातलं ‘एसा’. ते ज्या कवितेत येतं ती १७२६ साली छापली गेली. फुलपाखरांच्या एका प्रजातीगटाला फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने हे नाव दिलं १८०७ साली. म्हणजे नाव आधीचं, फुलपाखरू नंतरचं. नुसती सालं शेजारी शेजारी मांडली की असे खोटे अर्थ आपोआप गळून पडतात.

कधी नाव चुकीतूनही जन्माला येतं. ‘इमोजेन’ हे शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’ नाटकातल्या नायिकेचं नाव. १६२३ च्या छापील आवृत्तीत ते तसं आहे. पण १६११ साली नाटक पाहिलेल्या सायमन फोरमन या प्रेक्षकाने आपल्या टिपणात ‘इनोजेन’ (Innogen) लिहिलंय. मूळ नाव तेच असावं आणि छापताना जोडून आलेले दोन ‘एन’ एक ‘एम’ म्हणून वाचले गेले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात.

आधुनिक नावांसाठी सरकारी आकडेवारी हाताशी ठेवा. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या याद्या १८८० पासूनच्या आहेत आणि कुणालाही विनामूल्य पाहता येतात. एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव मात्र त्यांत येत नाही. इंग्लंड-वेल्सच्या याद्यांत ही मर्यादा तीनची आहे. ‘नेवेआ’ हे नाव अमेरिकेतल्या पहिल्या हजारात आलं २००१ साली. आदल्याच वर्षी एका रॉक गायकाने टीव्हीवर आपल्या मुलीचं हे नाव सांगितलं होतं: स्वर्ग या अर्थाच्या ‘हेवन’ शब्दाची अक्षरं उलटी लावून केलेलं. सोव्हिएत काळातलं ‘नीनेल’ही असंच, लेनिन उलटं वाचून. अशा नावांची पाळंमुळं ग्रीक-लॅटिनमध्ये खणत बसलात तर श्रम वाया जातील.

आता अर्थाकडे वळा

इथे नावांची यादी बाजूला ठेवून त्या भाषेचा शब्दकोश उघडा. अरबी नाव असेल तर मूळ व्यंजनं वेगळी काढा: मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद, ही सगळी स्तुती या अर्थाच्या ह-म-द या एकाच धातूची रूपं आहेत. हिब्रू नावाच्या शेवटी ‘एल’ दिसलं तर ते बहुधा ‘देव’ असतं; डॅनिएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’. दोन ठिकाणी एकच अर्थ सापडला म्हणून निश्चिंत होऊ नका. एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं नाही ना, हे पाहायला हवं; शब्द न् शब्द सारखा असेल तर तो एकच साक्षीदार धरा.

आणि माणसांशी बोला

ती भाषा रोज बोलणाऱ्याला विचारल्यावर कोशात नसलेलं हाती लागतं. नेल्सन मंडेला यांचं जन्मनाव रोलिह्लाह्ला. खोसा भाषेत त्याचा शब्दशः अर्थ ‘झाडाची फांदी ओढणारा’, पण बोलण्यात ते ‘खोडकर, कटकट्या’ अशा अर्थाने येतं. ‘नेल्सन’ हे नाव त्यांना शाळेत पहिल्या दिवशी शिक्षिकेने दिलं.

नावधारकालाच विचारायचं असेल तर ‘तुमच्या नावाचा अर्थ काय?’ असं विचारू नका. बहुतेकांना इंटरनेटवरचाच अर्थ पाठ असतो. ‘हे नाव कुणी सुचवलं? घरात आधी कुणाचं होतं का?’ असं विचारलंत तर माणूस मोकळा होतो. नाव अप्रिय आठवणीशी जोडलेलं असू शकतं, तेव्हा कुणी विषय बदलला तर पुन्हा छेडू नये.

मिळालेली माहिती लिहिताना शब्दार्थ, रीत, पहिला उल्लेख आणि घरची हकिकत यांना वेगवेगळ्या ओळी द्या. शब्दार्थ आणि घरची हकिकत जुळल्या नाहीत तर एक खोडून दुसरी ठेवू नका. आजीने मनात जो अर्थ धरून नाव ठेवलं तो व्याकरणात बसत नसला, तरी त्या घरात नाव ठेवायचं कारण तोच होता.