फ्लोरिडात घर घेतलंत, पण न्यूयॉर्कचा कर सुटला का?

फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, पण नुसतं घर घेऊन न्यूयॉर्कचा कर थांबत नाही. न्यूयॉर्कमधलं राहतं घर जवळजवळ वर्षभर ताब्यात ठेवलं आणि वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस न्यूयॉर्कमध्ये काढले, तर न्यूयॉर्क तुम्हाला रहिवासीच धरतं. दिवसाचा थोडा भागही पूर्ण दिवस मोजला जातो. सकाळी जाऊन रात्री परतलात, तरी एक दिवस गेला! म्हणून बोर्डिंग पास, टोलच्या नोंदी, कार्डाची बिलं तारखेनुसार जपून ठेवा. हिशेब सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच.

वास्तव्य खरंच हलवलंय हे दाखवायला फ्लोरिडाचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, गाडीची नोंदणी बदला, काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) क्लर्ककडे कायम वास्तव्याचं प्रतिज्ञापत्र दाखल करा. 1 जानेवारीला घर तुमच्या मालकीचं आणि राहतं हवं; होमस्टेड सवलतीचा (राहत्या घराच्या मालमत्ता करातली सूट) अर्ज 1 मार्चपर्यंत काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरकडे, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या. खरा फायदा पुढे आहे: मालमत्ता करासाठी धरलेली घराची किंमत त्यानंतर वर्षाला 3 टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही.

आणि नोकरी न्यूयॉर्कच्या कंपनीची असेल, तर स्वतःच्या सोयीसाठी फ्लोरिडातून केलेल्या कामाच्या पगारावरही न्यूयॉर्क कर लावतं. घराचा सौदा करण्याआधी हे तपासाच.