कोळशाच्या इंजिनाने सेटल-कार्लाइल: एका दिवसाची ट्रिप नीट कशी करायची

सेटल-कार्लाइल ही उत्तर इंग्लंडातल्या डोंगरांतून जाणारी रेल्वे लाइन, तिच्यावर वाफेच्या इंजिनाच्या सहलीच्या गाड्या निघतात. पहिलीच गोष्ट, जी जाहिरातीत कुणी लिहीत नाही: गाडीत बसलात की इंजिन दिसत नाही. फोटोत असतं ना ते, वळणावरचा पूल, हिरवे डोंगर, पांढरा धूर, ते सगळं बाहेर शेतात तिपाई लावून उभ्या असलेल्या लोकांना फुकटात दिसतं. आपण माणशी शंभरच्या आसपास किंवा त्याच्याही वर पौंड मोजून आत बसलेलो असतो आणि आपल्याला दिसतात मेंढ्या. आपल्या वाट्याला येतो तो आवाज. हे एकदा डोक्यात बसलं की सीट कुठली घ्यायची, महिना कुठला, खिडकी कधी उघडायची सगळं आपोआप ठरतं. मला पहिल्या ट्रिपला हे माहीत नव्हतं, मी शहाण्यासारखा "मागचा डबा द्या, शांत असेल" असं सांगितलं आणि दिवसभर शेपटाला लावलेल्या डिझेलची घरघर ऐकत बसलो. दुसऱ्यांदा आप्पांना घेऊन गेलो. आप्पा म्हणजे माझे वडील, बहात्तर साली भुसावळ शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, म्हणून लागले, पुढे ड्रायव्हर. त्या दिवशी जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण आता दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील इकडे येतात आणि मला तेच मेसेज येतात.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात. इंग्लंडात डोंगरातल्या छोट्या हेरिटेज लाइनी पुष्कळ आहेत, तिथे गाडी ताशी २५ मैलाने रमतगमत जाते, तासाभरात परत. ते वेगळं. मेनलाइन म्हणजे नेहमीच्या रुळांवर, नेहमीच्या गाड्यांच्या मधे घुसून, ताशी ७५ मैलापर्यंत पळणारं कोळशाचं इंजिन, मागे दहा-बारा जुने डबे. ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ ला शेवटची वाफेची पॅसेंजर गाडी काढली, ती पण कार्लाइललाच गेली होती, याच लाइनवरून, आणि त्यानंतर मेनलाइनवर वाफेला चक्क बंदी घातली. १९७१ मध्ये ती उठली. आता खाजगी कंपन्या या गाड्या काढतात, रेल्वे टूरिंग कंपनी, वेस्ट कोस्ट रेल्वेज, सॅफॉस ट्रेन्स, स्टीम ड्रीम्स वगैरे. लंडन, यॉर्क, क्रू अशा ठिकाणांहून सुटतात, एकाच गाडीला वाटेत चार-सहा ठिकाणी चढता येतं.

सेटल-कार्लाइलच का? चढ. ७२ मैलांची लाइन, मिडलँड रेल्वेने सहा हजारांवर मजूर लावून बांधली, १८७६ मध्ये पॅसेंजरसाठी सुरू झाली, आणि सेटल सोडल्यावर जवळजवळ १५ मैल सलग शंभरात एक, म्हणजे शंभर फुटांमागे एक फूट, असा चढ, त्याला तिथले लोक लाँग ड्रॅग म्हणतात. आपल्या बोरघाटात सदतीसात एक आहे, त्यापुढे हे काहीच नाही असं तुम्ही म्हणाल, मी पण म्हणालो होतो. आप्पा म्हणाले, "अरे घाटात बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात मागून, आणि घाट संपतो. पंधरा मैल एका दमात वाफ टिकवायची म्हणजे फायरमनची पाठ जाते."

बुकिंग. कार्यक्रम महिनोन्महिने आधी जाहीर होतो आणि उन्हाळ्यातल्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे आईबाबांची विमानाची तिकिटं आणि हे बरोबरच काढा. रेलकार्ड, पास, सीनियरची सवलत काही चालत नाही, ही चार्टर, म्हणजे खास काढलेली गाडी असते. क्लास तीन: साधा, फर्स्ट, आणि जेवणवाला. जेवणवाल्यात पांढरे टेबलक्लॉथ, सकाळचा नाश्ता, संध्याकाळी चार-पाच कोर्सचं जेवण, पैसे साध्याच्या दुप्पट-तिप्पट. माझं मत विचाराल तर नको. ऐन चढाला वेटर सूप घेऊन येतो आणि तुम्ही खिडकीऐवजी वाटी सांभाळत बसता. आणि शाकाहारी असाल तर आधी सांगूनही बटाटा आणि मशरूम याच्या पलीकडे कल्पनाशक्ती फार जात नाही. फर्स्टमध्ये थोडे जास्त पैसे भरले तर काही गाड्यांत दोघांचं स्वतंत्र टेबल मिळतं, वयस्कर जोडप्याला ते बरं. साध्या क्लासला चौघांचं टेबल, समोर अनोळखी माणसं, पण त्यातलं एक हमखास इंजिनवेडं निघतं आणि दिवसभर फुकट गाइड मिळतो.

आता सीट, इथे नीट लक्ष द्या. बुकिंगच्या वेळी फोन करून किंवा रिमार्कमध्ये लिहून सांगायचं की इंजिनाजवळचा डबा हवा. इंजिनाला लागून बहुतेकदा त्यांच्या स्टाफचा एक डबा असतो, त्याच्या मागचा दुसरा-तिसरा मिळाला तर सोनं. पण गोम अशी की कार्लाइलला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, म्हणजे जाताना पुढे असलेला डबा येताना शेवटचा. म्हणून आधी बघा गाडी कुठून कशी जाते. काही गाड्या जाताना शॅप नावाच्या डोंगरावरून जातात, तिथे सुमारे चार मैल पंचाहत्तरात एक असा खडा चढ आहे, आणि परतताना सेटल-कार्लाइल. काही दोन्ही वेळा सेटल-कार्लाइलच. लाँग ड्रॅग हा उत्तरेकडे जातानाचा चढ, परतीचा चढ वेगळा, ॲपलबीकडून आइस गिलच्या माथ्यापर्यंत. कुठला चढ ऐकायचाय ते ठरवा आणि त्या वेळी पुढे येईल असा डबा मागा. दरवेळी देतीलच असं नाही, पण न मागता तर नाहीच देणार.

आणि इंजिन कुठलं यावर फार अडून बसू नका. सगळे फ्लाइंग स्कॉट्समनच्या मागे असतात, १९२३ चं, १९३४ मध्ये ताशी १०० मैल गाठलेलं, नाव मोठं म्हणून गर्दी मोठी. पण चढाला डचेस ऑफ सदरलँडसारखं दणकट इंजिन, क्रू इथे १९३८ मध्ये बांधलेलं, त्याची मजा और आहे. शिवाय अटींमध्ये लिहिलेलंच असतं की इंजिन बदलू शकतं. तिकीट गाडीचं असतं, इंजिनाचं नाही. ऐन उन्हाळ्यात गवत वाळलेलं असलं की ठिणग्यांनी आग लागेल म्हणून वाफेचं इंजिन रद्द करून सरळ डिझेल लावतात, आणि त्याबद्दल भांडून काही हाती लागत नाही. म्हणून जुलै-ऑगस्ट मी टाळतो. दुसरं कारण, गरम हवेत वाफ लगेच विरते, दिसतच नाही. थंडीत ती दाट पांढरी होऊन खिडकीवरून ढगासारखी जाते, पण डिसेंबरात चारलाच अंधार, परतीचा सगळा डोंगर काळोखात जातो. एप्रिल किंवा सप्टेंबर अखेर, माझा कौल याला.

मागे डिझेल का असतं असं सगळे विचारतात. इंजिन बिघडलं तर लाइन अडून राहू नये म्हणून, आणि काही वेळा डब्यांना वीज आणि हीटिंग द्यायला. चढाला ते ढकलतंय की नुसतं ओढलं जातंय यावर डब्यात वाद चालतात, तुम्ही पडू नका.

आदल्या दिवशी वेळा नक्की करून घ्या. कंपनी आठवडाभर आधी टाइमिंग पाठवते, पण रिअलटाइम ट्रेन्स या साइटवर आपली गाडी मिनिटामिनिटाने दिसते. अशा गाड्यांच्या नंबरात झेड असतो, म्हणजे एक, झेड आणि पुढे दोन आकडे, त्यावरून शोधायचं. किती वाजता सेटल, किती वाजता रिबलहेडचा पूल, हे एका कागदावर लिहून ठेवा, डोंगरात फोनला रेंज नसते.

कपडे गडद घाला. बायको पहिल्यांदा पांढरा कुर्ता घालून आली होती, संध्याकाळी त्याला काळी खसखस लागलेली. डोळ्याला चष्मा हवाच, नंबर नसला तरी साधा गॉगल, कारण कोळशाचा कण डोळ्यात गेला की दिवस संपला. डोकं खिडकीबाहेर काढायचं नाही, बोगदे आणि खांब अगदी जवळून जातात आणि स्टुअर्ड लोक ओरडतात, त्यांचं बरोबरच आहे. एसी नाही, चार्जिंगला प्लग नाही, पॉवर बँक घ्या. खाण्याचं मात्र घरून न्या. बुफेत चहा, सँडविच मिळतं, पण आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या, समोरच्या यॉर्कशरच्या आजोबांनी चटणी दोनदा मागून घेतली.

बऱ्याचशा गाड्या सकाळी डिझेल किंवा इलेक्ट्रिकवर निघतात आणि वाटेत कुठेतरी, हेलिफील्ड किंवा कार्नफर्थसारख्या ठिकाणी, वाफेचं इंजिन लागतं. म्हणून सकाळी सहाला स्टेशनवर जाऊन "इंजिन कुठाय?" म्हणून नाराज होऊ नका. झोप काढा.

मधे पाण्यासाठी थांबतात, त्याला कंटाळू नका, तो ट्रिपचा भागच आहे. मोठं इंजिन मैलाला साधारण ४० गॅलन पाणी पितं आणि डचेसच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात, मावतं ४,०००, त्यामुळे शंभर मैलांच्या आतच पाणी लागतं. कुठे रस्त्यावरून टँकर येतो, कुठे होज लावतात, ॲपलबीला फलाटाच्या टोकाला खास पाण्याचा खांब आहे, आपल्या जुन्या स्टेशनांवर असायचा तसाच सोंडेचा. अर्धा तास सहज जातो. उतरू देत असतील तरच उतरा आणि थेट पुढे चालत जा, फोटो काढायची वेळ हीच.

सेटल जवळ आलं की खाणंपिणं आवरा, बाथरूमला जाऊन या आणि खिडकीपाशी बसा. पुढचा अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही. आप्पांनी तर डोळेच मिटले. सुरुवातीला आवाज सलग वाटतो, मग चढ लागला की वेग कमी होतो आणि वाफेचा एकेक ठोका सुटा ऐकू यायला लागतो. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके, तीन सिलिंडरच्याला सहा, म्हणून फ्लाइंग स्कॉट्समन किंवा ज्युबिली क्लासचं इंजिन जरा घाईत असल्यासारखं वाटतं. आप्पा मांडीवर बोटाने ताल धरून होते. मधेच म्हणाले, "टाकला बघ कोळसा," आणि मी खिडकीतून पाहिलं तर धूर पांढऱ्याचा खरंच काळा झाला होता, दोन-तीन मिनिटांनी परत निवळला. डोळे मिटून कसं कळलं विचारलं तर म्हणाले, वास. नवीन कोळशाचा वास वेगळा येतो.

उजवीकडे पेन-य-गेन्ट डोंगर दिसतो, सिंहासारखा बसलेला, त्यानंतर डावीकडे इंगलबरो आणि व्हर्नसाइड, आणि मग रिबलहेडचा पूल. २४ कमानी, ३२ मीटर उंच, ४०० मीटर लांब. याच पुलाच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून ऐंशीच्या दशकात अख्खी लाइन बंद करायला निघाले होते, लोकांनी चिवटपणे विरोध केला आणि १९८९ मध्ये सरकारने बंद करणार नाही असं सांगितलं. पुलावर आता एकच रूळ आहे, गाडी हळू होते, आणि पूल वळणावर असल्यामुळे मागच्या डब्यांना इथे इंजिन दिसतं. एवढ्या एका ठिकाणी मागचे जिंकतात.

पुढे लगेच ब्ली मूरचा बोगदा, अडीच किलोमीटरला थोडा कमी. पूल ओलांडला की खिडक्या बंद करायला सुरुवात करा, फोटोच्या नादात राहिलात तर सगळा धूर डब्यात. बाहेर पडल्यावर डावीकडे खाली डेंटची दरी, आणि डेंट स्टेशन, इंग्लंडातलं मेनलाइनवरचं सगळ्यात उंच, १,१५० फूट. आपल्या लोणावळ्यापेक्षा ते पुष्कळ खाली आहे पण हे आप्पांसमोर बोलू नका म्हणजे झालं, ते समोरच्या आजोबांना सांगायला निघाले होते. आइस गिल माथा ३५६ मीटरवर, तिथून पुढे उतार, आवाज संपतो, खाण्याचे डबे उघडा.

कार्लाइलला दीड-दोन तास मिळतात. किल्ला आहे, १५६८ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी तिथे कैदेत होती, कॅथेड्रल चालत दहा मिनिटांवर आहे. दोन्ही होणार नाही, एकच धरा. आम्ही एकही केलं नाही. आप्पा इंजिनाजवळून हलेनात. तिथल्या लोकांशी गोडीत बोललात तर ते छान बोलतात, फक्त कामात असताना मधे जाऊ नका आणि वर चढू द्या म्हणून मागे लागू नका. मी म्हणालो हे इंडियात डब्ल्यूजी या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, तर त्यांच्या फायरमनने खाली वाकून आपलं फावडं आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी ते दोन्ही हातांत धरून जरा तोललं, एकदा कमरेतून वळून बघितलं आणि मला मराठीत म्हणाले, "हलकं आहे. आमचं याच्या दीडपट होतं." मी भाषांतर करताना "छान आहे म्हणतात" असं सांगितलं.

परतीला उशीर धरूनच चला. नेहमीच्या गाड्यांना वाट द्यायला तुम्हाला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं करतात, तास-दीड तास सहज जातो. आम्ही लंडनला पोचलो तेव्हा आमची शेवटची ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी गाडी, गेलेली, टॅक्सीला चाळीस पौंड. वयस्कर माणसं बरोबर असतील तर स्टेशनजवळ हॉटेल घ्या किंवा गाडी पार्क करून ठेवा. आणि घरी आल्यावर आंघोळीच्या आधी केस कोरडेच विंचरा, वर्तमानपत्रावर. ओले केलेत की काजळी टाळूला चिकटते आणि मग दोन दिवस उशीची खोळ बदलत बसा.