बँडच्या मागून चित्रीकरण शिकताना

घरातल्या कुणाचा रॉक बँड असेल, तर केबल गुंडाळणं, अँप उचलणं, तालमीत कोपऱ्यात बसून राहणं हे लहानपणापासून अंगवळणी पडतं. त्याच कोपऱ्यातून फिल्म शिकता येते. मात्र पहिल्याच दिवशी शो शूट करायला जाऊ नका, साउंडचेकपासून, म्हणजे शोआधीच्या आवाजाच्या चाचणीपासून, सुरुवात करा. तिथे ड्रमर एकटी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वीस-वीस वेळा मारतो, गाण्याच्या त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाजतात. हुकलेला शॉट लगेच परत मिळतो.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा: सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. ऑटोवर असेल तर स्टेज अंधारलं की कॅमेरा चित्र उजळत नेतो आणि पुढचा दिवा लागताच गायकाचा चेहरा पांढराफटक होतो. एक्स्पोजर (चित्र किती उजळ येईल ते) चेहऱ्यावर पडणाऱ्या सगळ्यांत तेज दिव्यानुसार बांधा, मागचं काळं राहिलं तरी चालेल. एलईडी दिव्यांमुळे चित्रात आडवे पट्टे सरकू लागले, तर शटर थोडं थोडं बदलून पाहा.

सगळ्यात जास्त जीव आवाजात घाला. डळमळीत चित्र लोक खपवून घेतात, फाटलेला आवाज नाही. मिक्सरवरून लाइन, म्हणजे थेट केबलने येणारा आवाज, हवी असेल तर साउंड इंजिनिअरला सामान लागत असतानाच विचारा, शोच्या तोंडावर नको. रेकॉर्डरचं इनपुट ‘माइक’वर राहिलं तर सगळं फाटून येतं, ते ‘लाइन’वर घ्या आणि फँटम पॉवर (माइकला केबलमधून जाणारी वीज) बंद करा. साउंडचेकमधला सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण शोमध्ये बँड हमखास जोरात वाजवतो.

छोट्या हॉलमध्ये एवढ्यावर भागत नाही. ड्रम आणि गिटारचे अँप मुळातच मोठे वाजतात, म्हणून इंजिनिअर त्यांना मिक्सरवर फारसं उचलत नाही. मग लाइनवर गायक एकटाच गातोय असं वाटतं. त्यासाठी दुसरा रेकॉर्डर प्रेक्षकांत ठेवा आणि एडिटमध्ये दोन्ही ट्रॅक मिसळा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे 15 मीटरवरचा रेकॉर्डर जवळजवळ 44 मिलिसेकंद मागे असतो, म्हणजे एका फ्रेमहून थोडा जास्त. एडिटमध्ये तो ट्रॅक तेवढा आधी सरकवला नाही, तर स्नेअरचा (कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा) प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो.

जोडकामाचे शॉट भरपूर घ्या: किक पेडलवरचा पाय, नवी तार खुंटीवर गुंडाळणारी बोटं, मॉनिटरशेजारी टेपने चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद. प्रत्येक शॉट 10 सेकंद हलू न देता धरा. वाजवणाऱ्या हातांचे शॉट एका रात्रीचे दुसऱ्या रात्रीच्या गाण्यावर बसवायचे असतील, तर ड्रमर कानात क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) घेऊन वाजवतो का ते विचारून घ्या. क्लिक नसेल तर लय दर रात्री थोडी बदलते आणि हात-आवाज जुळत नाहीत.

बॅकस्टेजच्या खोलीत कुणी नसताना 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, बोलण्यातले कट त्यावर झाकले जातात. बँड स्टेजवरून उतरल्यावर कॅमेरा चालू असू द्या, पण पहिली दोन मिनिटं काही विचारू नका. श्वास खाली बसतोय, कुणी टॉवेल शोधतंय, कुणी चुकलेल्या सुरावरून चिडलंय. कुणी हाताने थांब म्हटलं तर लगेच कॅमेरा खाली घ्या. तो शॉट गेला तरी पुढच्या रात्री त्या खोलीत तुम्हाला घेतलं जाईल.

कानात इअरप्लग हवेतच. कार्ड मात्र दोन ठिकाणी कॉपी होईपर्यंत पुसायचं नाही.