टेनिस रॅकेट गटिंगला टाकण्यापूर्वी

गटिंगवाला, म्हणजे रॅकेटला तारा (स्ट्रिंग) लावून देणारा, पहिल्यांदा विचारतो, "किती पाउंड?" म्हणजे तारा किती ताणायच्या. आकडा नंतर ठरवा, आधी स्ट्रिंग कोणती ते ठरवा. हाताला आणि खेळाला मोठा फरक तिनेच पडतो.

जुनी स्ट्रिंग कापण्याआधी नीट निरखून बघा. मधल्या उभ्या तारांवर खोल खाचा पडून ती दर काही आठवड्यांनी तुटत असेल, तर तुमचा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) जोरदार आहे आणि पॉलिएस्टर, म्हणजे टिकाऊ प्लास्टिकची तार, तुमच्या कामाचं आहे. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तनने पॉलिएस्टरवर फ्रेंच ओपन जिंकली आणि तेव्हापासून सगळ्यांनाच ते हवंसं झालं. पण ते कडक असतं, कोपरावर येतं आणि न तुटताच मरतं, म्हणजे त्याचा ताण आणि जिवंतपणा निघून जातो. आठवड्यातून दोनदा डबल्स खेळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशांनी मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ स्ट्रिंग, घ्यावी. टेनिस एल्बोचा (कोपराच्या दुखण्याचा) त्रास असेल तर ती घ्याच. दोन्हींचे गुण हवे असतील तर हायब्रिड करा, म्हणजे उभ्या तारा एका प्रकारच्या आणि आडव्या दुसऱ्या. फेडरर उभ्या तारा नॅचरल गटच्या (जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या) आणि आडव्या पॉलिएस्टरच्या लावायचा. नॅचरल गट महाग असते आणि तिला ओल सोसत नाही, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात जपूनच.

आता पाउंड. फ्रेमवरच मर्यादा छापलेली असते, समजा ५० ते ६०. पहिल्यांदा मधला आकडा सांगा, पॉलिएस्टर असेल तर त्याहून दोन-तीन पाउंड कमी. चेंडू सारखा बेसलाइनबाहेर जात असेल तर पुढच्या वेळी दोन पाउंड वाढवा. नेटजवळच पडत असेल किंवा हात दुखत असेल तर दोन उतरवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्ट्रिंगही नवी आणि ताणही नवा असेल, तर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही.

फ्रेमच्या भोकांमधले प्लास्टिकचे ग्रोमेट तडकलेले असतील तर आधी बदलून घ्या. तडकलेल्या कडेवर नवी स्ट्रिंग लगेच कापली जाते. स्पर्धा असेल तर दोन-तीन दिवस आधीच रॅकेट हातात घ्या आणि तासभर खेळा, कारण ताजा ताण सुरुवातीला भराभर उतरतो. उन्हातल्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवू नका. आणि गटिंगची तारीख, स्ट्रिंगचं नाव, जाडी आणि पाउंड कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलच्या वर चिकटवा.