जुना नट, नवी गाडी: जाहिरात करताना या चुका टाळा

गाडीच्या जाहिरातीसाठी काही सुचेनासं झालं की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "एखादा जुना हिरो आणू या का?" लगेच सगळ्यांचे चेहरे खुलतात. क्लायंटला कॉलेजचे दिवस आठवतात, नवशिका कॉपीरायटर यूट्यूब उघडतो आणि ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवं आहे तो कागद, टेबलावर पालथं पडून राहतं. त्यानंतर होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. दरवेळी त्याच आणि साधारण त्याच क्रमानं होतात.

नट भाव खाऊन जातो, गाडी उपाशी

ही सगळ्यात मोठी, आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारी. एका कामात मी रफ कट, म्हणजे जाहिरातीची कच्ची जोडणी, बघायला बसलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. एकेकाळी गाजलेला नट पावसात गाडीशी येतो, कोटाची कॉलर वर करतो, टपावर हात टेकतो आणि त्याच्या जुन्या ढंगात अर्धवट हसतो. शॉट सुरेख होता. मग बाहेरच्या काही लोकांना तो कट दाखवला आणि विचारलं, काय आठवतंय? कोट आठवत होता, कॉलर आठवत होती. एका बाईंनी तर त्या नटाच्या तीन भूमिका सांगितल्या. गाडी कुठली होती? एकानं ठामपणे प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव घेतलं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. क्लायंटचा साहेब काचेपलीकडे बसून हे सगळं ऐकत होता. उपाय म्हणून काय ठरलं, तर शेवटी लोगो मोठा करायचा! लोगोनं असलं दुखणं बरं होत नसतं.

दुखणं पटकथेत होतं. नटाला गाडीशी काही कामच नव्हतं. ती जागेवरून हलवून तिथे फ्रिज ठेवला असता तरी तो तसाच हसला असता.

उलट कॅडिलॅकची 2021 मधली सुपर बोलची, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यातली, जाहिरात बघा. 'एडवर्ड सिझरहँड्स' हा 1990 चा चित्रपट, त्यातल्या नायकाच्या हातांच्या जागी कात्र्या. जाहिरातीत त्याचा तसाच कात्र्यांचा मुलगा आहे, टिमोथी शालामे, आणि आईच्या भूमिकेत मूळ चित्रपटातलीच विनोना रायडर. पोराची रोजची साधी कामंसुद्धा त्या कात्र्यांमुळे बिघडतात. मग त्याला मिळते हात न लावता चालवता येणारी लिरिक ही गाडी. गाडीतली जी सोय विकायची आहे, ती नेमकी याच पात्राला हवी आहे. पात्र काढा, जाहिरात कोसळते. गाडी काढा, तरी कोसळते. मुख्य म्हणजे जुना नट जॉनी डेप त्यात नाहीच, तरी काही अडलं नाही.

जीपनं 2020 मध्ये बिल मरेला पुन्हा 'ग्राउंडहॉग डे'मध्ये अडकवलं. मूळ चित्रपट 1993 चा, तोच दिवस पुन्हापुन्हा उजाडणारा. इथेही तोच दिवस उजाडतो, पण आता दाराशी जीपची ग्लॅडिएटर गाडी उभी असते, म्हणून रोज काहीतरी नवं करता येतं. त्या वर्षी सुपर बोल 2 फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर ग्राउंडहॉग डे या अमेरिकी सणालाच आला होता. असा योग दर वर्षी येत नाही. तो साधणाऱ्याला मी मानतो.

माझी सवय अशी: पटकथेत जिथे जिथे नटाचं नाव आहे तिथे पेन्सिलीनं 'एक माणूस' लिहायचं आणि पुन्हा वाचायचं. गोष्टीत गाडीला अजून काम उरलं असेल तर नटाचं नाव परत लिहावं. एडिट झाल्यावर मॉनिटरवर नटाच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवून, आवाज बंद करून एकदा बघतो. लोक हसतात. हसू देत.

आता एक मत, पटलं नाही तर सोडून द्या. फोर्डच्या 1997 च्या प्यूमाच्या जाहिरातीचं सगळे कौतुक करतात. 1980 मध्ये वारलेला नट स्टीव्ह मॅक्वीन त्याच्या 'बुलिट' चित्रपटातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर प्यूमा चालवतो. काम अफलातूनच आहे. पण शेवटी तो गाडी गॅरेजमध्ये नेतो आणि तिथे त्याची चित्रपटातली 1968 ची मस्टँग उभी! मी तो शॉट कापला असता. मस्टँग दिसल्यावर प्यूमाकडे कोण बघणार? पुढे 2005 च्या मॉडेलसाठी फोर्डनं याच मॅक्वीनला मक्याच्या शेतातून बाहेर आणलं, तेव्हा त्याच्या हाती नव्या मस्टँगचीच किल्ली दिली. तिथे आठवण आणि माल एकच होते.

"गाण्याचे हक्क घेतलेत, आता काय!"

नवशिक्यांचं हे लाडकं वाक्य. त्यांना मी बेट मिडलरचा खटला सांगतो. ती गायिका आणि नटीही. 1985 मध्ये फोर्डच्या लिंकन मर्क्युरीसाठी यंग अँड रुबिकम या एजन्सीनं सत्तरच्या दशकातल्या गाण्यांवर जाहिराती केल्या. गिऱ्हाईक तिशी-चाळिशीतलं, त्याला कॉलेजचे दिवस आठवावेत हा हेतू. मिडलरनं नकार दिला. मग एजन्सीनं तिच्यामागे कोरस गाणाऱ्या उला हेडविगला बोलावलं आणि सांगितलं, जितकं जमेल तितकं मिडलरसारखं गा. गाण्याचे हक्क रीतसर घेतलेले. जाहिरातीत मिडलरचं नाव नाही, फोटो नाही. गाणं इतकं जमलं, की ओळखीचे लोक मिडलरलाच सांगू लागले, तुझं गाणं ऐकलं हं!

1988 मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की प्रसिद्ध गायिकेचा ओळखीचा आवाज माल विकायला मुद्दाम नकलून वापरणं म्हणजे तिची ओळखच पळवणं. एजन्सीला 4,00,000 डॉलर मोजावे लागले. होकार असता तर मूळ बाईच येऊन गायली असती!

नट हयात नसला तरी सुटका नाही. कॅलिफोर्नियात चेहरा, आवाज वापरू देण्याचे हक्क मृत्यूनंतर 70 वर्षं वारसांकडे राहतात. म्हणून स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची चित्रं, रंगवायच्या आधी मी एक कागद करतो: चेहरा, आवाज, मूळ फीत, गाणं, रेकॉर्डिंग, पात्र. प्रत्येकाचा मालक वेगळा निघू शकतो, आणि बहुतेकदा निघतोच. मालकाचं नाव लिहिलेलं नसेल तर ती फ्रेम काढायला घेत नाही. हल्ली पोरं दुपारी संगणकावर चेहरा चिकटवतात आणि संध्याकाळी क्लायंटला दाखवून मोकळी होतात. क्लायंट प्रेमात पडतो आणि मग वकील नाही म्हणतो. त्या संध्याकाळची निस्तरानिस्तर कोण करतं, ते विचारू नका.

आधी पटकथा, मग फीत

हा क्रम चुकीचा, उलटा हवा: आधी फीत, मग पटकथा. फोक्सवॅगननं 2005 मध्ये गोल्फ जीटीआयसाठी जुन्या हॉलिवूडमधला नाचणारा नट जीन केली याला त्याच्या गाजलेल्या पावसातल्या नाचात नव्यानं नाचवलं. तिथे पुन्हा उभारलेल्या सेटवर आजचे नर्तक नाचले आणि केलीचा चेहरा त्यांच्यावर बसवला. घोषवाक्याचा भाव 'मूळचीच, पण नव्यानं घडवलेली' असा, जो नाचालाही लागू आणि गाडीलाही. हे जमतं, कारण जुन्या फितीत काय आहे ते आधी बघून बाकीचं तिच्याभोवती रचलेलं असतं. जुनी फीत तुमच्या पटकथेसाठी मान वळवत नाही. मी निवडलेल्या फ्रेमचं प्रिंट काढतो आणि नाकाची सावली कुठल्या गालावर पडते तिथे बाण काढून तो कॅमेरामनच्या हातात देतो. सावली चुकली की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण नट चिकटवलेला आहे हे त्याला कळतं.

बाकीच्या, पटापट

जुन्या फोटोंचा तपकिरी सेपिया रंग आणि फितीवरचे खोटे ओरखडे: नको. हे आळशीपणाचं लक्षण आहे.

संदर्भ समजावून सांगणारी पाटी: ज्याला कळला त्याचा अपमान, ज्याला नाही कळला त्याला कंटाळा.

मेलेल्या माणसाच्या तोंडी नवी वाक्यं घालणं: सित्रोएननं 2010 मध्ये डीएस3 साठी दिवंगत गायक जॉन लेननला, तेही दुसऱ्याच्या आवाजात, गतकाळात रमू नका असं सांगायला लावलं. परवानगी त्याची पत्नी योको ओनोची होती, तरी चाहते भडकले.

भारदस्त आवाजावर भरवसा ठेवून काहीही लिहिणं: नट रिकार्डो मोंताल्बाननं सत्तरच्या दशकात क्रायस्लर कॉर्डोबाच्या 'कोरिंथियन लेदर'चं असं गुणगान केलं की लोकांना ते खरंच ग्रीसमधल्या कोरिंथहून येतं असं वाटलं. नाव मार्केटिंगवाल्यांनी रचलेलं होतं. तेव्हा खपलं. आज असलं काही लिहिलंत तर लोक संध्याकाळपर्यंत उघडं पाडतील.

आणि वीस सेकंदांचा कट. होंडानं 2012 मध्ये मॅथ्यू ब्रॉडरिकला 1986 च्या 'फेरिस ब्यूलर' चित्रपटातल्या त्याच्याच पात्रासारखी कामाला दांडी मारायला लावली, त्याची लांब आवृत्ती दोन मिनिटांच्या वर जाते. तुमच्याकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून छोटा कट आधी लिहा. त्यात नट ओळखून गाडीपर्यंत पोचता येत नसेल, तर मोठ्या कटचं शूटिंग थांबवा आणि नटाच्या मॅनेजरला अजून फोन करू नका.